जपानी व्याह्यांना झालेला उशीर

बातांगास, १९ मे

पुरिंगताईस,

आपल्या रीतीप्रमाणे थोरल्या बहिणीचा, तुझा हात कपाळाला लावून लिहितो. (इथून नागोयापर्यंत कपाळ पोचत नाही, तेव्हा मनाने लावला असं समज.) गुडघा आता कसा आहे? जिना चढू नकोस, आणि चढलीस तर आम्हाला कळवू नकोस. तुझी भावजय मिलाग्रिंग लगेच नऊ दिवसांची प्रार्थना धरते आणि नऊ दिवस मला गार भात खावा लागतो.

आमच्या लुवाच्या लग्नाचे फोटो पोचले असतील. त्यात सगळे हसताहेत. जे झालं ते फोटोत आलेलं नाही, म्हणून हे पत्र.

सुरुवात तुझ्यापासून झाली. फोनवर तूच म्हणालीस, "क्रिसांतो, तुझ्या होणाऱ्या जावयाचे, ताकुमीचे आईबाप दोनचं लग्न म्हणजे पावणेदोनला हजर होणारे. आणि आपली माणसं? दोन वाजले की अंघोळीला जातात." मला राग आला. (खरं असलं की जरा जास्तच येतो.) फिलिपिनो माणूस उशिरा येणार हे सारं जग म्हणतं, आपणही हसत हसत म्हणतो, पण व्याह्यांनी म्हणावं हे मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी दोन तऱ्हेच्या पत्रिका छापल्या. तानाबे व्याही-विहिणीला दुपारी दोन, बाकी सगळ्यांना बारा. आपल्या लोकांना बारा सांगितलं की ते दोनला येतात, हे आपल्या बापाच्या काळापासून चालत आलेलं आहे. फादर एल्पिदियो आपलेच, त्यांनाही बारा. लुवा आणि मिलाग्रिंग तर घरच्याच, त्यांनाही बारा. लुवाने ताकुमीला बाराच सांगितलं. खरी वेळ फक्त मला आणि व्याह्यांना ठाऊक होती.

मला काय माहीत, माझ्या मागे लुवा घरोघर फिरून हात जोडत होती! "ताकुमीच्या आईबाबांसमोर एक दिवस तरी वेळेवर या. तुम्हाला माझी शपथ आहे." सव्वाअकराला बास्तियानमामा हजर. स्वतःच्या लग्नाला जो इतका उशिरा पोचला की नवरी जेवून बसली होती, तो. पावणेबाराला चर्च भरलं. लेचोनवाल्याने डुक्कर भाजून पानावर आडवं ठेवलं, आणि त्याच्या कुरकुरीत कातडीला वाट बघायची सवय नसते हे तुला ठाऊक आहे.

बारा वाजले, साडेबारा वाजले. व्याह्यांचा पत्ता नाही. ताकुमीने फोन लावले, लागेनात. त्याच्या आईला हे लग्न आधी पसंत नव्हतं, त्यामुळे आईने ऐन वेळी पाय मागे घेतला असं वाटून तो पांढराफटक पडला आणि लुवा गाडीत बसून रडायला लागली. फादर म्हणाले, "मला दीडला दुसऱ्या वाडीत बाप्तिस्मा आहे. येताहेत का ते, की मी जाऊ?" आणि बास्तियानमामा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "काय रे, हे जपानी तर आपल्याही वरचढ निघाले की." चर्च खदखदून हसलं. खोटं कशाला सांगू, ताई, मलाही गुदगुल्या झाल्या.

मग मी ट्रायसिकल रिक्षा करून त्यांच्या हॉटेलवर गेलो. खालीच दोघं खुर्च्यांवर ताठ बसलेली. उशीर नको म्हणून अकरापासून कपडे करून तयार. व्याह्यांच्या मांडीवर माझी पत्रिका, दोन वाजताची. खरं सांगायची तीच वेळ होती. मी एवढंच म्हणालो, "सगळे आलेत. चला." त्यांनी पत्रिकेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पत्रिका खिशात घातली आणि उठले.

लग्न झकास लागलं. पण जेवताना ते प्रत्येक टेबलापाशी जाऊन कमरेत वाकून उशिराची माफी मागत होते. सत्तावीस टेबलं. बास्तियानमामाने पाठीवर थाप मारली, "मनावर घेऊ नका साहेब, उशीर माणसालाच होतो." मी लेचोन कापत होतो. चारपाचदा तोंड उघडलं, दर वेळी कुणीतरी ताट पुढे केलं. त्यांच्या खिशातून पत्रिकेचा कोपरा दिसत होता. ती त्यांनी कुणालाही दाखवली नाही, पोटच्या पोराला सुद्धा नाही. ताई, मला त्या कोपऱ्याची फार लाज वाटते.

बाकी सगळं क्षेम आहे.

तुझा धाकटा,
क्रिसांतो

ता. क. ऑगस्टमध्ये तानाबे मंडळी नागोयाला मेजवानी देणार आहेत. मी आणि मिलाग्रिंग येतोय. आमच्या पत्रिकेवर संध्याकाळी पाच लिहिलंय. तुझ्याही पाचच असणार, तूही आमच्यातलीच. पण तुझी शेजारीण जपानी आहे आणि तिलाही बोलावलंय, तेव्हा चहाच्या निमित्ताने जाऊन तिच्या पत्रिकेवरची वेळ तेवढी बघून ये.

आणखी ता. क. तिथे सात असेल तर व्याह्यांनी मला ओळखलंय, फिटंफाट झाली, आणि मी आनंदाने साताला येतो. पण तिथेही पाचच असेल, तर टेबलं किती मांडणार आहेत तेही विचारून कळव. तेवढ्या वेळा वाकायचं तर कमरेला आतापासून सवय लावायला हवी.