चाफ्याला घातलेलं तीर्थ

अहो,

‘प्रिय’ असं तुम्हाला कधी लिहिलं नाही आणि आज तर मुळीच लिहिणार नाही. सकाळी गच्चीवर तुमचा चाफा बुंध्यापासून कापला. करवत माळ्याची होती, पण ड्रम धरून मीच उभी होते. खाली येऊन दोनदा हात धुतले, तरी बोटांवरचा चीक जाईना. राग तर त्याहून चिकट! फोटोसमोर उभं राहून बोलावं तर सून ऐकते. म्हणून लिहितेय.

तुमचं तेरावं झालं आणि पंधरा दिवसांत चाफ्याची पानं गळली. सगळी! कारखान्यातून आणलेल्या त्या निळ्या ड्रमात नुसत्या बोडक्या फांद्या. मोहोळच्या वन्सं वर जाऊन बघून आल्या आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “वहिनी, दादाच्या मागं झाडानंबी जीव सोडला बघा.” बसायला आलेल्या बायकांनी माना डोलावल्या.

मला ते सोसवलं नाही. माणूस गेलं, आता झाडही जाणार? मग मी काय केलं, माहीत आहे? रोज बाळकृष्णाला स्नान घातलं की ते दुधापाण्याचं तीर्थ तांब्यात घ्यायचं आणि या गुडघ्यांनी जिना चढून चाफ्याला घालायचं. वाटायचं, कुठंतरी तुम्हालाही पोचत असेल. नळ आपल्याकडे पाचव्या दिवशी येतो, पण चाफ्याचा तांब्या चुकला नाही. तांदळाचं धुवणही त्यालाच.

ड्रमच्या खालच्या भोकांतून तीर्थ गच्चीवर वाहायचं. देवाचं पाणी पायाखाली आलं तर? मी भोकांत चिंध्या कोंबल्या. चांगल्या घट्ट.

चैत्र लागला. समोरच्या वकिलीणबाईंच्या चाफ्याला पानं फुटली. तो तुम्हीच दिलेला ना? आपल्या चाफ्याच्या बुंध्याला हात लावला, तर उकडलेल्या रताळ्यात जावं तसं बोट आत गेलं.

सात रस्त्याजवळच्या नर्सरीतून यल्लप्पा माळ्याला बोलावलं. त्यानं ड्रम तिरका केला, चिंध्या ओढल्या आणि नाक दाबलं.

“काकू, ह्ये कुणी कोंबलं?”

“मी.”

“आन् पाणी?”

“रोज. देवाचं तीर्थ.”

त्यानं कपाळाला हात लावला. “आवो, थंडीत चाफा झोपतो की! पानं टाकतो आन् गप पडतो. मेला नव्हता त्यो. तुमी झोपलेल्याच्या तोंडात तांब्या वतला!” मग जरा वरमून म्हणाला, “काकांनी सांगितलं न्हाय व्हय तुमाला? दिवाळी झाली की पाणी बंद, पान दिसलं की चालू. मला त्यांनीच शिकवलं. सगळ्या गल्लीला सांगायचे की!”

सगळ्या गल्लीला! ऐकलंत?

वकिलीणबाईंना सांगितलंत, पोस्टमनला सांगितलंत, माळ्यालासुद्धा शिकवलंत. आणि मी? लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात एकदा त्याला पाणी घातलं, तर माझ्या भावासमोर म्हणालात, “तू हात लावू नकोस, मारशील त्याला.” सगळे हसले. मीही हसले. पण त्यानंतर वाळवणापुरती उन्हाळ्यात वर जायची, ती चाफ्याकडे पाठ करून. तुम्ही परडीत फुलं आणून ठेवायचात, मी देवाला वाहायची. थंडीत परडी रिकामी यायची. मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही. हा कसला हो संसार?

गॅस कधी लावला, नळ किती वाजता आला, कामवालीचे खाडे किती, सगळं माझ्या वहीत आहे. चाफ्याचं एक अक्षर नाही, कारण चाफा तुमचा! मॅट्रिक झालेल्या बायकोला दोन ओळी सांगितल्या असत्या, तर तिनं लिहून घेतल्या नसत्या?

मारलं मीच. ते कबूल. वन्संना फोन करून सांगितलंही, “झाडानं दुःखानं जीव सोडला नाही, मी पाणी पाजून मारलं.” तर म्हणतात, “वहिनी, काय अभद्र बोलता!” खरं बोललं की अभद्र?

एका वरच्या फांदीला मात्र कापल्यावर पांढरा चीक आला, म्हणजे ती अजून जिवंत होती. यल्लप्पानं ती हातभर कापून दिली. मी लगेच मातीत खोचायला निघाले, तर ओरडला, “थांबा काकू! आठ दिस सावलीत पडू द्या. चीक वाळल्याबिगर लावली, तर हीबी सडंल.”

आता ती देवघराशेजारी वर्तमानपत्रावर पडली आहे. येता-जाता बघते. आठ दिवस तिचं काही करायचं नाही! माझ्यासारखीला याहून मोठी शिक्षा कोणती?

तेव्हा ऐका. आठ दिवस झाले की रेताड मातीत ती फांदी लावीन, तीही सुनेच्या हातानं. भोकं मोकळी राहतील. तीर्थ आम्ही दोघी घोट घोट पिऊ, उरेल ते तुळशीला. वहीत चाफ्याचं पान सुरू केलंय, ते सुनेला मोठ्यानं वाचून दाखवीन. ‘तू हात लावू नकोस’ हे या घरात आता कुणी कुणाला म्हणणार नाही.

फुलेल तेव्हा पहिलं फूल बाळकृष्णाचं. दुसरं तुमच्या फोटोला वाहीन. राग सोडायचा की नाही, ते तेव्हा बघू. तोवर बसा वाट बघत.

तुमचीच,
मंगल