तुळशीरामची सही

१२ जानेवारी १९६४, खामगाव

कॉलेजच्या फळ्यावर नोटीस लागली. पंचायत समितीत समाजशिक्षणाच्या विस्तार अधिकाऱ्यांच्या जागा निघाल्यात. आधी प्रशिक्षण, मग नेमणूक. यंदा बी. ए.ला बसणारे चालतील, पण कॉलेजने एकाचीच शिफारस करायची. फळ्यापुढे ही गर्दी! कालपर्यंत समाजसेवा मंडळाच्या सभेला कुत्रं फिरकत नव्हतं, आज सगळ्यांना एकदम देशसेवेची ओढ लागली. त्यात मीही आहेच.

मंडळाच्या सरांनी बाजूला घेतलं. "सव्वीस जानेवारीला सावळखेड संपूर्ण साक्षर जाहीर झालं तर तुझं नाव पक्कं. नाही झालं तर मला बोलायला तोंड राहणार नाही." सावळखेडचा प्रौढ वर्ग माझा. दिवाळीपासून रोज दिवेलागणीला सायकल मारतो. बहुतेकांना आता जमतं. राहिलेत थोडे. पण साक्षर म्हणजे अख्खं गाव. एक जरी अंगठेबहाद्दर निघाला तरी समारंभ रद्द.

मधू, खोलीतला सोबती, खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "काऊन बे, देशसेवा कराले जाऊन राह्यला का नोकरी कराले?" उशी फेकून मारली.

१५ जानेवारी

सगळा घोळ तुळशीरामबाबाचा. साठीचा माणूस, सरपंच दादासाहेबांच्या वावरात, म्हणजे शेतात, कूळ. बापापासून तेच वावर कसतो. नव्या कायद्याने ते त्याच्या नावावर व्हायचंय. दिवसभर कापूस वेचून येतो, पाटी मांडीवर घेतो आणि डोळे मिटायला लागतात. बायको गिरजामाय शेजारी बसून कोपराने ढोसते.

आज म्हणाला, "मास्तर, अक्षर माह्या हातात येते, डोयात येत नाही."

खरंच आहे. 'क' काढ म्हटलं तर सुबक काढतो. तोच 'क' फळ्यावर दाखवला की माझ्या तोंडाकडे बघत बसतो. त्याला वेळ दिला पाहिजे. वेळ कुठून आणू?

१७ जाने.

युक्ती काढली. तुळशीरामबाबाला वाचायला शिकवायचं सोडून दिलं. सही शिकवली, चित्रासारखी. आधी उभी काठी, तिला डावीकडे आकडा, खाली शेपूट. ळ म्हणजे बैलाच्या गळ्यातली दोन घुंगरं. झटक्यात आली. पुस्तकातला पहिला धडा तोंडपाठ करून घेतोय, बोट कुठून कुठे सरकवायचं तेही.

गिरजामाय बघत होती. ती स्वतः अडखळत का होईना, वाचते. म्हणाली, "मास्तर, हे तं भजन पाठ केल्यासारखं झालं."

"समारंभानंतर नीट शिकवतो," म्हणालो. तेव्हा मनापासून म्हणालो, असं वाटतं. नक्की नाही सांगता येत.

२० जाने.

जेवायला दादासाहेबांकडे. वर्गाला कंदील, रॉकेल सगळं त्यांचं. ठेचा, भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी. मोठ्या आग्रहाने वाढतात. त्यांनीच कल्पना काढली: समारंभात अख्ख्या गावाने देवळापुढे आण घ्यायची, यापुढे सावळखेडचा माणूस कुठेही अंगठा लावणार नाही. आणि ग्रामपंचायतीतलं शाईचं पॅड वाजतगाजत नेऊन नाल्यात शिरवायचं.

"गणपतीवानी," ते म्हणाले. सरांना कळवलं तर ते खुर्चीतून उठलेच. फोटोग्राफर सांगतो म्हणाले.

२६ जाने.

झालं.

जिल्ह्याचे मोठे साहेब आले. चार-पाच जणांना वाचायला उभं केलं, तिसरा तुळशीरामबाबा. नवं धोतर, डोक्याला फेटा. पुस्तक धरलं, खणखणीत धडा म्हटला. बोट एक ओळ मागे राहिलं होतं. मला दिसलं. साहेबांनाही दिसलं असावं, कारण त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि मग टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

देवळापुढे आण झाली. हात वर करून सगळ्यात मोठ्याने तुळशीरामबाबाच ओरडला. पॅडची मिरवणूक निघाली, पुढे डफडं, मागे बाया. सरांनी पाठीवर थाप मारली. मधू कधी नव्हे ते फेटा उडवत नाचला. मीही नाचलो. माझे पाय नाचत होते आणि मला तुळशीरामबाबाच्या बोटाची आठवण होत होती. पण नाचलो.

६ फेब्रुवारी

शिफारस गेली. माझीच. बुलडाण्याहून अप्पांचं, वडिलांचं, कार्ड: "जन्मभर साहेबांच्या टेबलापुढे उभा राहिलो, तू टेबलामागे बसशील." कार्ड दोनदा वाचलं.

सावळखेडचा कंदील दादासाहेबांकडे परत गेला, पाट्या-पुस्तकं पुढच्या गावाला गेली. साक्षर गावात वर्ग कशाला? तुळशीरामबाबा विचारत होता म्हणे, मास्तर कधी येतात. परीक्षेचा अभ्यास आहे, असा निरोप पाठवला. अभ्यास आहेच.

२ मार्च

बाजारात गिरजामाय भेटली. मी ओळखीचं हसलो, ती हसली नाही.

"वावर गेलं, मास्तर."

भाजीच्या दुकानांपुढे उभ्यानेच सांगितलं तिने. दादासाहेबांनी कागद पुढे केला, वावर नावावर करायचं आहे, इथं सही कर म्हणाले. तो निघाला राजीनामा. कूळ आपल्या खुशीने जमीन मालकाला सोडून देतो, असा. पुढे तहसिलीत उभं केलं. पूर्वी अंगठेवाला असला की सारा कागद मोठ्याने वाचून दाखवायचे, वर साक्षीदार घ्यायचे. इथे सही बघून साहेबाने एवढंच विचारलं, वाचता येते काय? वाचून सही केली काय?

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय? 'हाव' म्हणे. 'सावळखेडचा हाये मी सायेब, आमच्या गावात सारेच वाचतेत.' छाती काढून सांगतलं त्यानं."

तिच्या पिशवीतली मेथी रस्त्यावर सांडली होती. मी उचलून दिली.

४ मार्च

सावळखेडला गेलो. तो रागावेल, दोन शिव्या हासडेल, अशी तयारी करून गेलो होतो. त्याने घोंगडी अंथरली. चहा ठेवायला सांगितला.

"बाबा, नाही येत म्हणायचं होतं. त्यांनी वाचून दाखवला असता कागद."

"कसं म्हनू? देवापुढं हात वर केला होता. आन सायेबानं विचारलं असतं, तुले कोनं शिकवलं? तुमचं नाव खराब झालं असतं."

माझं नाव. त्याने वावर घालवलं आणि माझं नाव राखलं. मला त्या घरात बसवेना. चहा अर्धा टाकून निघालो, म्हातारी काय म्हणाली असेल कोण जाणे.

येताना दादासाहेब ओसरीवर होते. "या, जेवून जा." सायकलवरून उतरलो नाही, पण पाय टेकून नमस्कार केला. हात आपोआप जोडले गेले. लाज वाटली स्वतःची.

७ मार्च

इथल्या एका वकिलांकडे गेलो. चांगला माणूस. म्हणाले, तहसिलीत फेरचौकशीचा अर्ज टाकता येईल. पण सही आहे, साहेबापुढे होकार आहे, गाव साक्षर म्हणून सरकारदरबारी नोंद आहे. एकच वाट. शिकवणाऱ्याने उभं राहून जबानी द्यायची, की सही केली तेव्हा या माणसाला वाचता येत नव्हतं.

"शिकवणारा कोण होता, माहीत आहे का तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी, म्हणालो. त्यांनी चष्मा काढून पुसला.

१० मार्च

सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लोटून घेतलं. मग: "एका माणसासाठी अख्ख्या गावाचा गौरव खोटा पाडणार? आणि तुझी मुलाखत? अरे, उद्या तू अधिकारी झालास तर असे शंभर तुळशीराम वाचवशील."

वाईट माणूस नाही. खादी घालतो, पगारातून गरीब मुलांची फी भरतो. त्याचं वाक्य मला पटलं नाही, पण आवडलं. दिवसभर मनात घोळवत राहिलो, शंभर तुळशीराम, शंभर तुळशीराम. मधूला ऐकवलं तर म्हणाला, "पयला तं वाचव बे."

१४ मार्च

ठरवून सावळखेडला गेलो. म्हटलं, बाबा, वकिलांनी तुमच्यासाठी अर्ज टाकलाय, नऊ एप्रिलला तहसिलीत तारीख आहे, मी जबानी देतो. तुम्हाला वाचता येत नव्हतं, मी तुम्हाला फसवून उभं केलं, असं सांगतो.

तो एकदम ताठ झाला. "नाही. गावाची आन मोडाची नाही. मी खोटा, गाव खोटं, तुमी खोटे. कायले?" मग पुढे सरकून हळूच म्हणाला, "तुमी असं करा. तारखेपर्यंत मले खरंच वाचाले शिकवा. मी सायेबापुढं तोच कागद वाचून दाखवतो. म्हनतो, पाहा, ह्याच्यात हे लिवलं हाये, आन मले सांगतलं होतं दुसरंच."

डोळे चमकत होते त्याचे. मी हो म्हणून बसलो.

निघताना गिरजामाय वेशीपर्यंत आली. ती बोलते ते नेमकं वर्मी लागतं. "मास्तर, त्याले वाचता आलं की सायेब म्हनतीन, तवाबी येतच होतं; मंग तुमी सुटले. आन आमचं वावर गेलं. हे तुमाले समजलं नाही असं कसं म्हनू?"

समजलं होतं. त्याने म्हटलं त्याच क्षणी समजलं होतं. आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं होतं. म्हणूनच तर इतक्या पटकन हो म्हणालो.

१९ मार्च

रोज जातो. परीक्षा डोक्यावर, पुस्तकाला हात नाही. कापूस संपलाय, तो दुपारी मोकळा असतो. कडुनिंबाखाली बसतो दोघं. आता घाई करत नाही. चुकला तर चुकू देतो. तेव्हा एकदाही चुकू दिलं नव्हतं त्याला, पुढचा शब्द मीच तोंडात घालायचो. आज 'कमल' आणि 'कलम' यांतला फरक आपला आपण पकडला आणि पोरासारखा टाळी वाजवून हसला.

मनात येतं, हळू शिक रे बाबा. लगेच दुसरं येतं, लवकर शिक. दोन्ही माझेच आवाज.

२८ मार्च, बुलडाणा

मुलाखत झाली. तिघे साहेब. अप्पा बाहेर बाकावर, इस्त्रीचा कोट घालून. आत जाण्याआधी ठरवलं होतं, विचारलं तर सांगून टाकायचं.

विचारलं. "सावळखेडात एकही निरक्षर उरला नव्हता ना?"

"नाही साहेब."

तोंडातून असं निघालं की मलाच ऐकू आलं नाही. एक साहेब मान हलवून म्हणाले, अशी मुलं पाहिजेत प्रशासनात. बाहेर आलो तर अप्पांनी पेढ्यांचा पुडा काढला. निकाल लागायचा आहे, म्हणालो. "तुझ्या तोंडावर लागलाय," म्हणाले. पेढा रुमालात बांधून ठेवला.

३ एप्रिल

निवड झाल्याचं पत्र आलं. मधूने मिठी मारली, मग माझा चेहरा बघून सोडलं. "जबानी देनार ना तू?" म्हणाला.

"तारीख नऊला आहे," म्हणालो.

गेल्या पाच-सहा दिवसांत स्वतःला काय काय समजावलं! पत्र हातात येऊ दे, मग सांगू. रुजू होऊ दे, मग सांगू. तेवढ्यात तो वाचायला शिकला तर सांगायची गरजच काय? हे शेवटचं तर मी एकदा चक्क मोठ्याने बोललो, नाल्याच्या पुलावर, सायकल चालवताना.

६ एप्रिल

वकील म्हणतात, जबानी आता तरी लिहून द्या. उद्या देतो म्हणालो. मी पोचलो की गिरजामाय आता पाणी ठेवते आणि घरात जाते.

८ एप्रिल

आज त्याने स्वतःहून तो कागद मागितला. राजीनाम्याची नक्कल. मी नको नको म्हणत होतो, जड शब्द आहेत, कोर्टाची भाषा. ऐकेना.

कडुनिंबाखाली बसून वाचला. बोट ठेवून, घाम पुसत. बोट आणि शब्द बरोबर चालले होते. कुठे दोनदा, कुठे तीनदा. 'मी माझ्या राजीखुशीने' इथे थांबला. पुन्हा मागे गेला. "रा-जी-खु-शी-ने." पुन्हा. मग पुढे सगळा, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि त्याखालची स्वतःची सहीसुद्धा वाचली.

कागद मांडीवर ठेवून बराच वेळ वावराच्या दिशेने बघत राहिला. मला रडू आलं. आनंदाचंही होतं त्यात, उगाच कशाला नाकारू. आयुष्यात मी खरंखुरं कुणाला काही शिकवलं असेल तर ते यालाच.

"मास्तर," तो म्हणाला, "आता मले येते. उद्या सायेबानं विचारलं, सही केली तवा येत होतं काय, तं म्या काय सांगू?"

गिरजामाय दारात येऊन उभी होती. दोघंही माझ्याकडे बघत होते.

"उद्या मी येतो ना तहसिलीत," म्हणालो.

"तुमी येसान, ते खरं," गिरजामाय म्हणाली. "बोलसान काय?"