कागद बसत नाही

गुरुजी, चाकूरजवळच्या शाळेतल्या ज्या वर्गात तुम्ही आम्हाला भूमिती शिकवलीत, तिथंच मी आता चौथीला शिकवते. एका दुपारी तुम्ही कागदाला दोनदा घडी घालून तो प्रत्येकाच्या हातात दिला होता. हा कोपरा नीट बसला तर काटकोन, फट राहिली तर विशालकोन. मी खिडकीकडे नुसतं बघून "काटकोन" म्हणाले, तेव्हा तुम्ही म्हणालात, "डोळे झाकून बी हेच म्हणली असतीस. कागद लाव की." सगळा वर्ग हसला. मी फुगून कागद लावला. तो बरोबर बसला, तरी तुम्ही शाबासकी दिली नाहीत.

मीही मुलांना तीच घडी शिकवते. उजळणी मात्र टॅबवर होते. शाळेला टॅब मिळालेत, वर्गाच्या मागच्या भिंतीवर मोठा टीव्ही बसवलाय. मी आपल्याच शाळेचे फोटो टाकून प्रश्न तयार करते: दाराची चौकट, उघडी कात्री, घसरगुंडी. खाली तीन पर्याय, बरोबर आलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. एका फोटोत मागची भिंत फरशीला मिळते तो कोपरा आहे. त्याचं उत्तर मी न तपासता काटकोन भरलं. बाकी सगळं बरोबर सोडवणारी एक मुलगी तिथं दर वेळी विशालकोन दाबते आणि लाल खूण घेते. मी पुन्हा पुन्हा समजावलं, शेवटी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली, "बाई, टॅबला काय कळतंय? तिथं माझा कागद बसत न्हाई."

तिनं जुन्या कॅलेंडरच्या पानाची मोठी घडी लावून दाखवली. खाली नीट बसली, वर पेन्सिल जाईल एवढी फट. म्हणजे भिंत बाहेर कलली होती. छपराचे पाईप त्याच भिंतीवर टेकलेत. मागं जाऊन पाहिलं, तर काळी माती उन्हानं फाटली होती आणि एक भेग थेट पायाखाली शिरली होती. आता कागदाच्या त्या फटीत माझं बोट जातं.

तालुक्याला अर्ज दिला, अजून कुणी फिरकलं नाही. मुख्याध्यापक दारातूनच बघून म्हणाले, "सरळच दिसायलीय की, बाई. सोमवारी पावणे येणार, टॅबवरचा तास बघणार. टीव्ही तिथंच हाय, पोरं बी तिथंच बसतील. तुम्ही तेवढा प्रश्न काढून टाका." मी प्रश्न ठेवला, उत्तर बदललं. आता सगळ्यांना हिरवी खूण येते, मुलं त्याच भिंतीखाली टाळ्या वाजवतात.

आज मुलं लिंबाखाली बसून सोडवतायत. उजेडात स्क्रीन दिसत नाही म्हणून कुरकुरतायत, आत कधी जायचं म्हणून विचारतायत. वर्गाला कुलूप आहे. किल्ली हरवली, असं मी सगळ्यांना सांगितलंय. मुख्याध्यापक उद्या कुलूप तोडायला माणूस आणणार आहेत, त्याच्यापुढं काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही. किल्ली माझ्या पर्समध्ये आहे, गुरुजी. तुम्ही आता नाही आहात, हे पत्र कुठंच पोचायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.