पेनिनाची बोटे आणि आपेलूची पदवी

मी, लांगिमाइना सोलिआई, वय वर्षे चौऱ्याहत्तर, राहणार मौजे फालेतोआ, बेट सवाई, देश सामोआ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, दिवसाढवळ्या, पोटभर जेवून लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. माझ्यावर कुणाचाही दबाव नाही. या घरात दबाव आजवर मीच टाकत आले. याआधी मी काही लिहून ठेवले असल्यास ते रद्द समजावे.

माझी अपत्ये दोन. मुलगी पेनिना, वय सत्तेचाळीस, अविवाहित, माझ्याजवळ राहते. मुलगा आपेलू, वय पंचेचाळीस, ऑकलंडला राहतो, फायनान्सचा पदवीधर. माझे पती तोआलेपाई चार वर्षांपूर्वी वारले. हे मृत्युपत्र माझ्या दफनाच्या दिवशी घरासमोर, जमलेल्या सगळ्यांदेखत वाचावे. पाद्रीबाबांना पुटपुटायची सवय आहे, त्यांनी ती त्या दिवसापुरती सोडावी.

१. जमीन कुळाची आहे. ती कुणाला देण्याचा मला अधिकार नाही. आपेलूने दोनदा विचारले म्हणून लिहिले.

२. जमिनीवरचे घर, म्हणजे खांब, पत्रे, पाण्याची टाकी आणि मागचे स्वयंपाकाचे छप्पर, माझे आहे. ते पेनिनाला द्यावे. आपेलू आला तर तीन दिवस राहू शकतो. चौथ्या दिवशी त्याने आपल्या मावशीकडे जावे आणि तिथे तिला हिशेब शिकवावा.

३. चटया विणण्याची माझी हत्यारे : केवड्याची पाने खरवडायचे दोन शिंपले, काटे काढायची सुरी, विणताना वर ठेवायचे चार गुळगुळीत दगड. हेही पेनिनालाच. ती त्यांना स्पर्शाने ओळखते. तिला दुसरा इलाज नाही.

४. बैठकीच्या मधल्या खांबावर काचेत लावलेले आपेलूचे पदवीचे प्रमाणपत्र आपेलूला परत द्यावे. ते घेताना त्याने खालील मजकूर ऐकून घ्यावा, कारण पदवी परवडली की नाही हे पाहायला त्यानेच मला शिकवले.

त्या पदवीला लागल्या सात तलम चटया. मी आणि पेनिनाने विणलेल्या, एकेक वर्ष-दीड वर्ष खाणाऱ्या, धाग्यासारख्या बारीक पट्ट्यांच्या. साध्या चटयांची गणती नाही. लागली माझ्या नवऱ्याची होडी, जी विकल्यावर तो दुसऱ्याच्या होडीत मजुरीने जाऊ लागला. तीन वर्षांचा अभ्यास पोराने चार वर्षांत केला, कारण एक वर्ष तो रग्बी खेळत होता. आणि लागला पेनिनाचा उजवा डोळा. पान सोलताना केवड्याचा काटा तिच्या डोळ्यात गेला. राजधानीला, आपियाच्या डॉक्टरांकडे न्यायला पैसे होते. त्याच आठवड्यात शेवटच्या सत्राची फी भरायची होती. मी डोळ्यावर पाल्याचा रस घातला आणि फी भरली. पेनिना म्हणाली, "असू दे आई, डावा आहे ना." पुढे वीस वर्षे एकट्याने राबून डावाही विझत आला. आता तिला दारातून कोण आले ते पावलांवरून कळते.

आता मिळकत. पदवी घेऊन आपेलू गाड्यांसाठी कर्ज देणाऱ्या एका कंपनीत लागला. आम्ही चर्चमध्ये गावजेवण घातले. सहा वर्षांनी मी ऑकलंडला गेले तेव्हा कळले की त्याचे काम फोनवर बसायचे. हप्ते थकवलेल्या आपल्याच माणसांना आपल्याच भाषेत दम द्यायचा. मी त्याच्या साहेबाला विचारले, याला का घेतले? साहेब हसून म्हणाला, "याची भाषा कामाची आहे, बाई. बाकीचं आम्ही आठवड्यात शिकवतो." म्हणजे पोट भरले ते मी मांडीवर घेऊन फुकट शिकवलेल्या भाषेने. सात चटया, होडी आणि डोळा खांबावर टांगायला.

५. माझ्या नवऱ्याच्या मयताला काय झाले ते गावाला माहीत आहे, पण कागदावर यायला हवे.

मयताला शंभरावर चटया आल्या. आलेल्या चटया दफनाआधी मानाप्रमाणे वाटायच्या, उत्तमातली उत्तम चटई कुळाच्या वतीने बोलणाऱ्या वक्त्याला द्यायची, हे इथल्या शेंबड्या पोरालाही सांगावे लागत नाही. आपेलू आदल्या दिवशी आला, ओट्यावर संगणक उघडून बसला आणि मला म्हणाला, "आई, शंभर आल्या आणि तू नव्वद वाटायला निघालीस? ही भांडवलाची नासाडी आहे. वक्त्याला पाकीट देऊ, चांगल्या चटया ठेवून घेऊ."

मी म्हणाले, "अरे, उद्या आपल्याकडे कोण येईल?"

"उद्याचं उद्या. तुला यातलं कळत नाही."

खरेच कळत नसेल, असे मला वाटले. इतकी फी भरली होती, तेव्हा त्याला तरी कळत असणार. मी त्याचे ऐकले. ही चूक माझी.

वक्ते फाओलो यांनी ते पाकीट हातात घेतले, उघडले आणि मिळालेली भेट पुकारायची रीत आहे तशी, काठी टेकून, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असे पुकारले, "तोआलेपाईच्या घरून, एक कागदी पाकीट! आत पन्नास ताला! पोराचे आभार माना, चांगला शिकलाय!" पन्नास ताल्यांत तलम चटईचा काठही येत नाही. बायका हसल्या. माझा नवरा तिथे पेटीत होता.

ठेवून घेतलेल्या चटया आपेलूने आपियाच्या बाजारात विकल्या. महिन्याभरात त्यांतली एक शेजारच्या गावच्या लग्नात सर्वांसमोर उलगडली. पेनिनाने तिचा काठ चाचपला आणि ती म्हणाली, "ही मी विणलेली. बाबांच्या मयताला फिरून घरी आली होती." त्यानंतर दोन वर्षांनी आपेलूला कुळाचा किताब, म्हणजे कुळप्रमुखाचा मान, द्यायचे ठरले, तेव्हा मंडप घातला, चार डुकरे भाजली, आणि चटई घेऊन एकही माणूस आला नाही. डुकरे आम्ही तिघांनी खाल्ली.

६. म्हणून माझ्या मयताला जो कुणी चटई आणील, त्याची चटई आपेलूने दारात उभे राहून दोन्ही हातांनी घ्यावी, तिची बाजारातली किंमत मोठ्याने सांगावी आणि परत करावी. कुणी आलेच नाही, तर त्याने तसेच उभे राहावे. संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंत बसू नये.

७. माझ्या गादीखाली, जाड कापडात गुंडाळलेली, माझ्या आजीने विणलेली चटई आहे. तिच्या काठाला लाल पिसे आहेत. ती मी सातांत धरली नाही, होडी विकली तेव्हाही काढली नाही. ती पेनिनाला द्यावी. चटई उलगडल्यावर आत एक लिफाफा निघेल. तो आपेलूने फोडावा आणि आतले पत्र बहिणीला वाचून दाखवावे, कारण तिला वाचता येणार नाही. फोनवर बोलतो तसे स्वच्छ बोलावे.

पत्र सरकारी आहे. त्यात लिहिले आहे की कुमारी पेनिना सोलिआई हिला हिशेब आणि वित्त या विषयांच्या पदवीसाठी निवडले असून फी, राहणे, जेवण आणि विमान, सगळा खर्च सरकार करील. आपेलूच्या दोन वर्षे आधीचे आहे. गावात टपाल आणणाऱ्या बसवाल्याने ते माझ्या हातात दिले.

ती एकोणीस वर्षांची होती आणि तिच्या बोटांसारखी बोटे या किनाऱ्यावर कुणाची नव्हती. ती गेली असती तर चटया कुणी विणल्या असत्या? आपेलूची फी कशातून निघाली असती? मी त्या दिवशी तोलून पाहिले आणि पत्र चटईत घातले. चार महिने ती दर शुक्रवारी बसपाशी जाऊन उभी राहायची. परत आली की विचारायची, "आई, माझं काही आलंय का गं?" मी म्हणायचे, "नाही गं. हुशार पोरी खूप असतात."

जी पदवी फुकट होती ती मी दडवली आणि जिचा खर्च घर बुडवणारा होता ती विकत घेतली. आपेलूला असा व्यवहार कुणी दाखवला तर तो हसेल. त्याने पत्र वाचताना हसू नये.

मी माफी मागत नाही. मागितली तर पेनिना ती देऊन टाकील, तिचा स्वभाव मला ठाऊक आहे, आणि मला ती फुकट नको. आईने असे का केले, असे ती विचारील. तिला सांगावे की तू जास्त कामाची होतीस.

८. हा मजकूर दोन्ही साक्षीदारांनी वाचला. पाद्रीबाबा मघाशी माझ्या कानाशी पुटपुटले, "लांगिमाइना, ती समोर बसली आहे. आत्ता सांग तिला. मेल्यावर काय सांगतेस?"

मी तितक्याच हळू म्हणाले, "आत्ता सांगितलं तर उद्या मला ताटात कोण वाढेल?"

तेवढ्यात पेनिनाने पट्ट्या चाचपता चाचपता मान वर केली आणि विचारले, "काय लिहितेस गं इतकं?"

"घर तुझ्या नावावर करतेय."

"बरं. अंधार व्हायच्या आत लिही. तुझे डोळे दुखतील."

वरील मजकूर माझा आहे, मला मान्य आहे आणि त्यातला एक शब्दही बदलायचा नाही.

सही : लांगिमाइना सोलिआई

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रातून काहीही मिळणार नाही :
१) एलिसाला मातांगी, पाद्री, फालेतोआ
२) फुआतिनो लेउपोलू, अध्यक्षा, गावचे महिला मंडळ

साक्षीदारांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. सह्या होईपर्यंत पेनिनाने भिंत धरत धरत दोघांना कोको आणून दिला. दोघांनीही तो घेतला नाही.

स्थळ : फालेतोआ, सवाई
दिनांक : १४ ऑगस्ट २०२३, सोमवार