भिंगरीची मोटर

३० डिसेंबर

ती. मामांस,
शि. सा. न.

ताप जाऊन वर्ष झालं, पण त्याने मागे ठेवलेला थकवा भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा ठाण मांडून बसलाय. एक दिवस पोटभर शिवलं की दोन दिवस अंथरूण सुटत नाही. येत्या वर्षी शाळेच्या गणवेशांचं काम घ्यायचं की दुकानाच्या किल्ल्या मालकाला देऊन टाकायच्या, ते उन्हाळ्यात ठरवावंच लागेल.

तुमची रामबाण पूड डॉक्टरांना दाखवली. अपाय नाही, गुणाची हमीही नाही, म्हणाले. तेव्हा एक करा. पुडीच्या आणि पिठीसाखरेच्या सारख्याच दिसणाऱ्या कॅप्सूल भरा. एक महिना ही, एक महिना ती. कधी कुठली, ते मला सांगायचं नाही, नाहीतर माझं मनच मला फसवेल. आई म्हणते, मामाच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिला खोटं पाडा.

मशीनची मोटर परवापासून सारखी तापून बंद पडतेय. ती निवेपर्यंत बसून राहायचं, एवढाच आराम सध्या नशिबी.

लोभ आहे तसाच राहू द्या, गुपितही.
तुमची भिंगरी

३० जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

जिना न थांबता चढलीस, असं जावईबापूंनी कळवलं. बोलायला जीभ नुसती शिवशिवतेय, पण तीळ चिंब भिजलाय, असं ताईला सांग. सोबत पुढच्या महिन्याच्या कॅप्सूल.

फोन स्पीकरवर टाकून तू शिवत बोलतेस, तेव्हा त्या मोटरीचं रडणं ऐकवत नाही. जळक्या मोटरींत नव्या तारा भरण्यात माझे केस पिकले आणि भाचीचीच मोटर तापावी? शोभतं का? नवी भरून पाठवतोय. दिवसभर चालव, हूं की चूं करणार नाही.

जिवाला जप.
तुझा मामा

२ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न.

पहिला महिना सोन्याचा, दुसरा मातीचा. आता केस विंचरायलाही हात उचलत नाही. मोटर मात्र झकास, थांबण्याचं नाव नाही.

म्हणजे पहिल्या महिन्यात पूडच होती. हरले मी! फोडा गुपित आणि पोतंभर पाठवा.

तुमची भिंगरी

५ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पहिल्या महिन्यात पिठीसाखर होती. पूड दुसऱ्या महिन्यात. चारचौघांत मी तिची तारीफ करत फिरलो. पारखायची युक्ती एकट्या तुला सुचली. शाबास.

पण मग पहिला महिना सोन्याचा कशाने? आपले फोन आठवत बसलो. जानेवारीत मशीन जरा चालायचं नि थांबायचं; तेवढ्यात तू सावकाश, हसून बोलायचीस. फेब्रुवारीत मशीनला खंड नाही आणि तुझं एक वाक्य धड नाही, मध्येच दम तुटायचा. आणि माझे कान मेले माझ्याच कारागिरीचं कौतुक ऐकत बसले! पोरी, तुला आराम देत होती ती जुनी बिघडकी मोटर. ती मीच काढायला लावली.

तुझा मामा

१० मे

ती. मामांस,
शि. सा. न.

रागावू नका, तुमचं म्हणणंही मी नुसतं ऐकून मानलं नाही. आधी महिनाभर थकण्यापूर्वीच थांबत शिवलं, मग पंधरा दिवस सलग, मग पुन्हा थांबत. सलग शिवलं की आडवी, थांबत शिवलं की उभी. बरी झाले असं म्हणत नाही. पण निम्मे गणवेश घेतलेत आणि किल्ल्या माझ्याकडेच आहेत.

अडचण एकच. हाती काम असलं की थांबायचं भान राहत नाही, आणि गजराला मी दाद देत नाही.

तुमची भिंगरी

१६ मे

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

मामाची पूड खोटी पाडलीस, मामाचा तर्क उलटासुलटा करून पाहिलास, मग मानलास. इतकं चोख गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही.

सोबत मोटर. आजवर बंद पडलेल्या मोटरी चालू करून पोट भरलं. धडधाकट मोटर बंद पडावी म्हणून खपलो तो पहिल्यांदाच. आत एक कळ बसवली आहे. थोडं चाललं की ती वीज तोडते, आणि बराच वेळ जोडत नाही. तेवढ्यात मला खुशाल शिव्या घाल, पण खुर्चीला पाठ टेकून घाल.

तुझा मामा