मागच्या सीटखालचा दिवा

प्रिय नाना,

दोनदा साबण लावला, तरी हाताला पेट्रोलचा वास आहेच. जेवायच्या आधी तुम्हाला लिहायला बसलो, कारण एक तक्रार आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडे नेता येत नाही. पहिले आरोपी तुम्हीच आहात.

तुम्ही गेल्यावर मी तुमची गाडी विकायला काढली. रागावू नका. त्या सीटवर माझी पाठ धरते. आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तुन्ही मरजी." तेव्हाच संशय यायला हवा होता. आमच्या लग्नाच्या चाळीस वर्षांतल्या एकाही गोष्टीत आईने मला माझ्या मर्जीवर सोडलेलं नाही, हे तुमची सूनही सांगेल.

पहिलं गिऱ्हाईक शहाद्याचं. आईने सकाळीच फडकं घेतलं. म्हणाली, "इकाले निंघेल गाडीले जराशी पुसी देसू." गिऱ्हाईक चक्कर मारायला बसलं आणि केळीच्या बागेपाशी गाडी बंद! ढकलत आणली. दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन प्रकाशाला गेलो, तर तापीच्या पुलावरून गाडी वाऱ्यासारखी. दुसरं गिऱ्हाईक आलं. पुन्हा केळीची बाग, पुन्हा बंद.

मी कुणाकुणावर संशय घेतला म्हणून सांगू? पेट्रोल भरणाऱ्यावर, भेसळ करतो म्हणून. केळीवाल्यावर, गाडी फुकटात मिळावी म्हणून काही करतो म्हणून. उंदरांवर. नाना, हे रक्तातलंच आहे. मंदिरात जाताना एक चप्पल ह्या दाराशी आणि दुसरी त्या दाराशी काढणारा बाप ज्याला मिळाला, तो आणखी काय करणार? दहावीच्या परीक्षेत कॉप्या पकडता पकडता तुम्हाला सगळा जिल्हाच बाही दुमडून आलाय असं वाटायचं. टरबूज घेताना तुम्ही विकणाऱ्यालाच आधी एक फोड खायला लावायचात!

मेकॅनिकने बॉनेट उघडलं न उघडलं तोच निकाल दिला. "भाऊ, पंप गया. टाकीमाइन पेट्रोल वढत नही." इतक्या लवकर कळलं म्हणजे नक्की फसवतोय. म्हणून नंदुरबारहून मीच नवा पंप आणला. डब्यावर तीन ठिकाणी 'ओरिजिनल' लिहिलं होतं. प्रामाणिक माणूस एकदाच सांगतो ना हो?

आज दुपारी तळोद्याचं गिऱ्हाईक येणार होतं. सकाळी आईची पुसापुशी उरकली आणि मी अंगणात गाडीला भिडलो. बॅटरीची वायर काढली, नळ्या सोडवल्या, जुना पंप काढला, जुनं पॅकिंग पात्याने खरवडलं, नवा पंप बसवला. बोटं सोलली, पण ऐट आली. सेल मारला. गाडी सुरू झाली, जरा गुरगुरली, आणि जुन्याच सुरात गप्प.

मग नळी पुन्हा सोडवून टाकीच्या दिशेने फुंकर मारली. हवा पुढे जाईचना! पोत्यावर आडवा होऊन गाडीखाली शिरलो आणि नळीचा माग काढत मागे सरकलो. मागच्या चाकाआधी नळी वर वळून गाडीच्या आत शिरली होती. पेट्रोलची नळी माणसांच्यात कशाला येते?

मागची सीट उचलली. खाली पितळी कॉक, बंद केलेला. फिरवला की टाकीतलं पेट्रोल तिथेच अडतं, आणि चोर कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर केळीच्या बागेपर्यंतच जातो. वा नाना! पण सीटखाली सगळीकडे बोटभर धूळ आणि कॉक तेवढा लखलखीत. तुम्ही तर नाही आता. मग रोज हात कुणाचा लागतो?

आई ओट्यावर सुपात तूरडाळ निवडत होती.

"आई, हाऊ कॉक कोना शे?"

"तुन्हा नानानी बसाडेल व्हई."

"आनी बंद कोनी करा?"

"उंदीर व्हई."

आणि तेव्हा मला आठवलं. तळोद्याच्या बाजारात, प्रकाशाला, कुठेही गाडीतून उतरलं की तुम्ही मागे वळून विचारायचात, "दिवा मालवी दिधा ना?" आणि आई पदर सावरत म्हणायची, "मालवी दिधा." मला वाटायचं, म्हातारी माणसं, घरच्या देव्हाऱ्याची काळजी करताहेत. इतक्या लांबून! मनातल्या मनात हसायचो मी.

आज मी विचारलं, "आई, दिवा मालवी दिधा ना?"

सुपातला हात थांबला. माझ्याकडे तिने तुमच्या नजरेने पाहिलं, कॉपी पकडल्यासारखं. "तुले कोनी सांगं?" मग डाळीकडे बघतच म्हणाली, "गाडी गयी ते मंग माले कोन इचारी?"

अख्ख्या जिल्ह्यावर संशय घेणाऱ्या माणसाने खात्रीचं माणूस नेमलं, ते मागच्या सीटवर. मला नाही सांगितलंत! गाडी मी चालवायचो, नाना. तुमच्या शेवटच्या दवाखान्याच्या फेरीतही मीच होतो पुढे. उतरवताना तुम्हाला धड बोलता येत नव्हतं, तरी मान मागे वळवलीत, ओठ हलले. डॉक्टरला वाटलं, पाणी मागताय. आई तेवढी म्हणाली, "मालवी दिधा." मी समजलो, ती घाबरून काहीतरी बोलते आहे.

तळोद्याच्या माणसाला फोन करून सांगितलं, नवा पंपही खराब निघाला. त्याला खोटं वाटलं. वाटू दे, सवय झाली पाहिजे.

गाडी विकणार नाही, नाना. पाठ धरली तर धरली. रविवारी आईला प्रकाशाला नेईन, आणि उतरलो की मागे वळून विचारेन. ती म्हणेल, मालवी दिधा. मग सीटखाली हात घालून खात्री करायची भयंकर इच्छा होईल, मुलगा तुमचाच आहे. पण घालणार नाही. शब्द देतो.

तुमचा, अजून पुढच्याच सीटवर बसणारा,
सुभाष