नसरीनला मिळालेली वाट

रविवार, संध्याकाळ

नसरीनचा हेवा वाटतोय. लिहून टाकलं एकदाचं.

कंपनीत ती माझ्याच लाइनवर आहे. निगडीजवळच्या टेकडीवर, झाडीतल्या पायवाटेने सायकल चालवायला तिला मीच शिकवलं. आज सुट्टीची गर्दी होती. उतारावर मी पुढे होते, सारखी ओरडत होते, "साइड, साइड." कोणी हललं नाही. वळणावर एक कुटुंब आडवं आलं, मी करकचून ब्रेक दाबला आणि थेट झुडपात गेले.

मागून नसरीन आली. सायकल थांबवून त्या कुटुंबातल्या बाईंना म्हणाली, "काकू, सावकाश जा तुम्ही, मी थांबते." काकू हसल्या आणि बाजूला सरून त्यांनी तिलाच आधी वाट दिली. ते हसणं डोळ्यांसमोरून हलत नाही. मी इतकी वर्षं तिथे जातेय. माझ्याकडे बघून असं कोणी हसलंय कधी?

मी उठून कपडे झटकत होते, तेवढ्यात काकू तिला म्हणाल्या, "अगं, हिलाही शिकव की जरा."

"काकू, मला ताईंनीच शिकवलंय," नसरीन म्हणाली. तेही अगदी अभिमानाने.

गप्प बसायला हवं होतं तिने. निदान मला तिच्यावर मनासारखं चिडता तरी आलं असतं.